काळ्या रानातला रस्ता

जाफराबादकडची जुनी माणसं सोयरीक जमवायला बसली की जमीन किती आणि विहिरीला पाणी कुठवर, याच्या आधी एक गोष्ट विचारून घेत : पावसाळ्यात गाव तुटतं का? आजीच्या लग्नातही हे विचारलं गेलं होतं. आजोबांकडच्या मंडळींनी बिनदिक्कत 'नाही' म्हणून सांगितलं. लग्न वैशाखात झालं. नागपंचमीला तिला माहेरी न्यायला मुराळी म्हणून आलेला भाऊ पूर्णेच्या पलीकडच्या काठावर बसून राहिला आणि सोबतच्या दशम्या संपल्यावर तसाच परत गेला. "ते खोटं नव्हते बोलले," आजी पुढं जन्मभर सासरची बाजू घेऊन सांगायची. "गाव जागीच व्हतं. वाट तुटली व्हती."

जाफराबाद केळणा आणि पूर्णेच्या संगमावर वसलेलं. दोन्ही नद्या अजिंठ्याच्या डोंगराकडून येतात. त्याशिवाय जुई, धामणा आणि ज्यांना नावही नाही असे कितीतरी नाले. पाऊस वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणातल्या माणसाला हसू येईल एवढाच. पण तो येतो तेव्हा असा येतो की सकाळी चप्पल न काढता ओलांडलेला नाला दुपारी जनावर ओढून नेतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यात पोरं गोट्या खेळतात. नदीनाल्यांनी अडवलेली माणसं तासाभरात नाहीतर दिवसाभरात सुटत. महिनोन्महिने अडवून धरायचा तो गारा, म्हणजे चिखल.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. उन्हाळ्यात त्या भेगांत हात जातो. पहिल्या पावसात त्याच जमिनीवरून गाडी नेली की लोखंडी धाव माती कापत जाते, आऱ्यांत माती भरते आणि चाकाचा गोळा होतो. त्यातही पांदणीचे, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेचे, हाल वेगळेच. शेकडो वर्षं चाकांनी उकरलेली आणि पाण्यानं वाहून नेलेली पांदण दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खोल गेलेली असते. बांधावरून सुटलेलं सगळं पाणी तिच्यातच उतरतं. उन्हाळ्यातली वाट पावसाळ्यात नालाच होते.

तिला मोकळं ठेवण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. मृगाच्या आधी दोन्ही बाजूंच्या बाभळी छाटायच्या, नाहीतर फांद्या कडब्याच्या गाडीला धरत. पाऊस लागल्यावर जिथं चाक बसतं तिथं पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या आडव्या टाकायच्या, त्यांवर दगड. दसऱ्याच्या सुमाराला गारा वाळू लागला की ज्याच्याकडं चांगले बैल असत त्यानं चार बैल जुंपून पहिली गाडी घालायची. तिच्या चाकोऱ्या पडल्या की मागून बाकीचे. आजोबांकडं बैल चांगले होते, त्यामुळं या गोष्टीत ते स्वतः नेहमी पहिल्या गाडीवर बसलेले असत.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र त्यांच्या जन्माच्या शंभरावर वर्षं आधीची होती. जाफराबादच्या पश्चिमेला, केळणा आणि जुईच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्ली चालून आला. हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि यानंच वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्या लढाईवर लिहिणारे तोफांवर आणि पलटणींवर लिहितात. आजोबांना तोफांचं काही नव्हतं. त्यांना पडलेला प्रश्न गाडीवानाचा होता : पावसाळ्यात एवढी माणसं, घोडे आणि तोफा ओढणारे बैल त्यानं केळणेपार घातले कुठून?

नदीचा सरळ समोरचा उतार मराठी फौजेच्या पुढ्यात होता. बरोबरच्या वाटाड्यांनी दुसरा उतार नाही म्हणून छातीठोक सांगितलं. वेलस्लीला अलीकडच्या काठावर पिंपळगाव दिसत होतं आणि अगदी समोर, पलीकडच्या काठावर, वरूड. दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत, तर त्यांचं एकमेकांकडं जाणंयेणं असणारच, म्हणजे इथं उतार असलाच पाहिजे, असा त्यानं हिशेब केला. एका अधिकाऱ्याला पाठवून पाहिलं. उतार होता. तिथून त्याची फौज पार झाली आणि पुढचं सगळं पुस्तकांत आहे.

पावसाळ्यात लढण्याचं त्याला वावडं नव्हतं, उलट नद्या भरलेल्या असल्या की मराठ्यांचं चपळ घोडदळ अडकून पडतं आणि आपण नावा बरोबर बाळगल्या तर आपलं अडत नाही, असं त्याचं गणित होतं. आजोबांचा राग होता तो वाटाड्यांबद्दलच्या अर्थावर. साहेब हुशार आणि वाटाडे अडाणी, असा तो प्रसंग सांगितला जातो. आजोबांच्या मते वाटाड्यांना उतार चांगला ठाऊक होता, सांगायचा नव्हता. याला पुरावा काही नाही. पण केळणेकाठी राहून उतार माहीत नसलेला वाटाड्या माझ्याही डोळ्यांपुढं उभा राहत नाही.

वाटाड्या म्हटलं की आमच्या गावातल्या निवृत्त गुरुजींची आठवण होते. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत आणि आजोबांच्या गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. एकदा त्यांनी मला थांबवून विचारलं, "पांदण गावानं उघडली म्हणतात तुमचे आजोबा. गावानं म्हणजे कुणी?" मग त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, तहसीलदाराचा दौरा निघाला की माली पाटलाचा निरोप महारवाड्यात यायचा. दगड उचलून टाकायचे, बाभळी तोडायच्या, साहेबाचं सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत डोक्यावरून पोचवायचं, रात्र असली तर पलिता धरून पुढं चालायचं. शिवेवर दुसऱ्या गावचा माणूस उभा असेल त्याच्या हवाली केलं की सुटका. पैशांची बात नाही. "तुमच्या आजोबांची गाडी पहिली जायची, ते खरंय," गुरुजी म्हणाले. "पण तिच्या आधी आमचा बाप गेलेला असायचा." तेव्हापासून 'गावानं केलं' असं कुणी सांगितलं की मी पुढचा प्रश्न विचारतो.

मोगलाईची हद्द आमच्याकडं लांब नव्हती. पलीकडं चिखली, देऊळगाव राजा, म्हणजे वऱ्हाड, १८५३पासून इंग्रजांच्या कारभारात. तिकडचा कापूस विलायतेला जायचा, म्हणून तिकडं खडीच्या सडका झाल्या. जाणती माणसं सांगत की रात्री गाडीत झोपलेल्या माणसालाही हद्द कधी ओलांडली ते चाकाच्या आवाजावरून कळे. मध्ये करोडगिरीचा नाका. जकात चुकवायची तर नाक्याची सडक सोडून पांदणीनं जायचं, आणि पांदणीत गाडी फसली की नाकेवाल्यांना आयतीच सापडायची. आजोबांचे एक चुलते असे सापडले होते. घरात ती गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही असा संकेत होता.

१९४८ साली भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या त्या १३ सप्टेंबरला, आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. म्हणजे तोही पावसाळाच. रझाकारांच्या भीतीनं वऱ्हाडात गेलेली घरं परतली ती गुडघाभर गाऱ्यातून, म्हातारी माणसं बाजेवर घेऊन. राज्य बदललं, नंतर राज्यंही बदलली, हैदराबाद, मुंबई, महाराष्ट्र. १९८१च्या १ मे रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा आम्ही औरंगाबादचे जालन्याचे झालो. पांदण यातल्या कुठल्याच तारखेला सुकली नाही.

रस्ते खरे झाले ते दुष्काळात. १९७२च्या.

आत्या तेव्हा नवीन लग्नाची होती. ती खडी फोडायला जायची. दुष्काळ म्हटलं की लोक विहिरी आणि चारा काढतात, ती आधी हातोडा काढायची. दगड पायांच्या मध्ये धरायचा, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे, आणि ठराविक मापाची खडी होईपर्यंत फोडायचं. डोळ्यांत कपची उडायची. तिच्याबरोबरच्या एका बाईचा डोळा त्यातच गेला. खडीचे ढीग रस्त्याकडेला ब्रासानं मोजले जात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मोजणारा ढिगाला काठी टोचून बघायचा, आत माती भरलीय का म्हणून. "आमी माती भरायचो," आत्या हसून सांगायची. "तो बी काठी कुठं टोचायची ते इचारूनच टोचायचा." जेवायला मिलो, ती लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली. पोरांना सुकडी. सुकडीची चव तिला शेवटपर्यंत आठवायची, मिलोची आठवण काढायची नाही.

मे १९७३मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला होता, तिचा १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. देशाच्या रोजगार हमीचं मूळ इथं आहे हे आता सगळे सांगतात. त्या रस्त्यांचं पुढं काय झालं ते कमी सांगतात. माणसं होती, हातोडे होते, पण मातीवर पाणी मारून दाबायला रोलर पुरेसे नव्हते आणि वर घालायला डांबर तर नव्हतंच. काळ्या मातीवर नुसती खडी अंथरली तर दोन पावसाळ्यांत ती गिळली जाते. माती खालून वर येते, खडी वरून खाली जाते. आत्याच्या खडीचा रस्ता असा अर्धा तरी जमिनीखाली आहे. आमच्या शेताकडं वळताना नांगराला अजून तिथं काळे दगड लागतात. हे काम वाया गेलं असं काही शहाणे म्हणतात. त्या वर्षी गावातलं एकही माणूस भुकेनं मेलं नाही, हा हिशेब त्यांच्या वहीत कुठं मांडतात, मला माहीत नाही.

त्या अर्ध्या गिळलेल्या रस्त्यांना पुढं ज्यांनी धरून ठेवलं त्यांना मैलकुली म्हणत. आमच्याकडं त्यांतले एक मुकादमपदापर्यंत चढले होते, आणि निवृत्तीनंतरही सगळं गाव त्यांना मुकादमच म्हणायचं. घमेलं, फावडं, टिकाव, लाल फडकं आणि हजेरीपट, एवढ्यावर त्यांची कारकीर्द झाली. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला कळलं की रस्ता सांभाळायचा म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळायचं. रस्ता मधोमध उंच हवा, पाणी दोन्हीकडं निघून जायला. साईडपट्टी रस्त्यापेक्षा वर आली की पाणी वरच थांबतं, म्हणून ती छिलायची. उन्हाळा संपायच्या आत प्रत्येक मोरीत वाकून आतला गाळ ओढायचा. मुरमाचे ढीग कडेला मारून ठेवायचे, कारण पावसात मुरूम आणायला गाडी कुठून येणार? झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे द्यायचे, रात्री गाडीवाल्याला कड दिसावी म्हणून. फरशी पुलाच्या दोन्ही कडांचे दगडी खांब पांढरे करायचे. पाणी पुलावरून गेलं की त्या खांबांवरूनच पूल कुठं आहे ते कळतं.

पूर आला की मुकादम पुलाच्या अलीकडं लाल फडकं घेऊन उभे. एसटीचा ड्रायव्हर त्यांना विचारायचा, ते खांबाकडं बघायचे. खांबाचं डोकं दिसेना तर गाडी इकडंच उभी. गाडीतल्या माणसांची बोलणी दोघांनी खायची. एका वर्षी कुणा पुढाऱ्याची जीप त्यांनी अडवली. पुढारी म्हणाला, "माहीत नाही का मी कोण ते?" मुकादम म्हणाले, "तुमी म्हाईतये, पाण्याला म्हाईत न्हाई." जीप थांबली.

आमच्या पारावर संध्याकाळी त्यांच्याशेजारी ग्रेफमधून निवृत्त झालेले एक काका बसत. ग्रेफ म्हणजे सीमा सडक संघटनेचं दल. ही संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली. काकांनी काश्मीरमध्ये डोझर चालवला होता. जोझिला घाट समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर; त्यांच्या काळात हिवाळ्यात महिनोन्महिने बंद असायचा. मग दोन्ही बाजूंनी बर्फ कापत यायचं आणि मध्ये गाठ पडली की लडाखकडचा रस्ता खुला व्हायचा. कडेला बर्फाच्या भिंती दोन पुरुष उंच, रस्त्याची कड कुठं संपते ते दिसत नाही, म्हणून पुढं माणूस चालत जाऊन चाचपायचा. वरून हिमकडा सुटला तर डोझरसकट गेलेच. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून ऐकायचो. मुकादम बिडी ओढत ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "अन् बर्फ काढल्यावर खाली काय असतं?"

"खाली रस्ताच की, मुकादम. डांबरी."

"मंग सोपंय. आमच्याकडं गारा काढला तर खाली गाराच."

काका हसले, पण त्यांना ते लागलं असावं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की बर्फ वितळल्यावर खालचं डांबरही उखडलेलंच असतं, दरवर्षी नव्यानं करावं लागतं. मुकादमांनी ते मान्य केलं. कुणाचं काम अवघड, हे भांडण मिटलं नाही, पण त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या रस्त्याची चौकशी करायची सवय लावून घेतली. टीव्हीवर जोझिला उघडल्याची बातमी आली की मुकादमच काकांच्या दारात जाऊन सांगायचे.

मैलकुलींच्या जागा रिकाम्या होत गेल्या तशा भरल्या गेल्या नाहीत. आता देखभाल ठेक्यानं होते. ठेकेदार जेसीबी आणतो. जेसीबी मुकादमांच्या अख्ख्या टोळीचं आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकतो, यात खोटं काही नाही. पण तो बोलावल्यावर येतो. मोरी तुंबली ते बघायला रोज त्या रस्त्यानं चालत जाणारं कुणी राहिलेलं नाही. पाणी थांबतं, डांबर सुटतं, मग खड्डा, मग निवेदन, मग जेसीबी. मला जुन्या दिवसांचं कौतुक नाही. मुकादमांचा मुलगा मैलकुली झाला नाही आणि त्यांना ते हवंच होतं. पण तुंबलेली मोरी उपसायला लागणारी अर्ध्या दिवसाची मजुरी आणि वाहून गेलेला रस्ता पुन्हा करायचा खर्च यांची तुलना कुठल्या कचेरीत होत असेल, असं दिसत नाही.

आता रस्त्याची गरजही बदलली आहे. आजोबांची ज्वारी कणगीत थांबायची. पावसाळ्यात कुठं जायचं कामच नसे, गाव तुटलं तरी चुली पेटत्या राहत. आज तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन होतं, आणि हिरवी मिरची तर भर पावसाळ्यात तोडावी लागते. ती शेतातून संध्याकाळच्या आत निघाली नाही तर रात्रीच्या बाजारात भाव पडलेला. दूध आहे, शाळेची पोरं आहेत, बाळंतपणाला बाजेवरून नेण्याचे दिवस संपले म्हणतो आपण, पण वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंतचा शेवटचा तुकडा अजून तसाच असेल तर रुग्णवाहिका डांबरावरच उभी राहते.

तो शेवटचा तुकडा कुणाचा, इथं सगळं अडतं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. त्यापुढं शिव, पांदण, गाडवाट. नकाशावर तुटक रेघ, प्रत्यक्षात दोन्हीकडच्या बांधांनी दरवर्षी एकेक तास आत घेतलेली. २०२१मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, पैसा मनरेगातून जोडायचा ठरला. कुठं काम झालंही. पण खडी आणि मुरूम टाकण्याआधी जागा मोकळी व्हावी लागते, आणि जागा बांधाला बांध असलेल्या भावकीची असते. तिथं मग १९०६चा मामलतदार न्यायालय अधिनियम निघतो. अडवलेली वहिवाट मोकळी करून द्यायचा अधिकार त्याच्या पाचव्या कलमानं तहसीलदाराला आहे. नवीनच वाट मागायची असेल तर १९६६च्या जमीन महसूल संहितेचं १४३वं कलम. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला शंभर कविता येत नसतील, ही दोन कलमं येतात.

आमच्या पांदणीचं प्रकरण असंच तहसिलीत आहे. अर्ज आमच्या भाऊबंदांचा, अडवणूकही भाऊबंदांचीच. दोन्ही बाजूंचे लोक एकाच जीपमध्ये बसून जाफराबादला तारखेला जातात, कारण पावसात दुसरं वाहन मिळत नाही, आणि परत येताना चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद घालतात. गेल्या तारखेला तलाठ्यांनी पंचनामा वाचून दाखवला, त्यात पांदणीची रुंदी नकाशाप्रमाणे आणि जागेवरची, अशी दोन्ही लिहिली होती. फरक ऐकून अडवणूक करणारे चुलतेही जरा गप्प झाले. मोजणीची तारीख मागितली तर उत्तर मिळालं की शेतात पीक उभं असताना मोजणी होत नाही. खरीप निघू द्या. म्हणजे यंदाही बियाणं आणि खत डोक्यावरून गेलं, आणि मिरचीच्या गोण्या डांबरापर्यंत चार बैल जुंपलेल्या गाडीनं जात आहेत. गाडी भाड्यानं आणली आहे, शेजारच्या गावातून. चार बैल आता एका घरी कुणाकडं नाहीत.